शेवटचा डाग नंदूचा

नमस्कार. मी या ग्रुपची जुनी वाचक. लिहिलं कधीच नाही, पण चिमटे काढायला हमखास येते. कुणी इथे पांढरी साडी आणि पैंजणांचा आवाज लिहिला, की खाली "त्या दिवशी जेवणात काय होतं हो?" असं विचारणारी बाई ती मीच. आता माझ्यावर पाळी आली आहे, तर तुम्हीही मनसोक्त हसून घ्या... माझी ना नाही.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. नुसता नव्हता असंही नाही – तो नसणं हा आमच्या घरचा नियम होता. आमचं बौद्ध घर. विहारात वंदनेला जायचं, पण अंगारे-धुपारे, दृष्ट काढणं, बाहेरचं लागणं हे शब्दसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत. "आत्माच नाही मानत आपण, मग तो भटकणार कुठून?" असं माझे वडील म्हणायचे. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. त्यात मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. म्हणजे अविश्वासाला सरकारी मान्यताच म्हणा ना.

आमचं घर नाशिकला, इंदिरानगरमध्ये. रो-हाउस आहे, साधंच. आम्ही राहायला आलो तेव्हा मागे द्राक्षांचा मळा होता आणि संध्याकाळी तिकडून औषध फवारल्याचा वास यायचा. आता तिथे टॉवर उभा आहे आणि वरच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरी उडून आमच्या अंगणात पडतात. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक शेड आहे. तिला आम्ही कधी शेड म्हटलं नाही, 'नानांचं' म्हणायचो. "नाना कुठायत?" – "नानांच्यात." पाहुण्यांना काही कळायचं नाही.

नाना सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते. रिटायर झाल्यावर एक जुना छोटा लेथ, म्हणजे लाकूड-पितळ गोल फिरवून कातायचं मशीन, घेतला आणि तो या शेडमध्ये बसवला. पण शेड त्याच्याही आधीची. लाकडी बाक, बाकाला काम आवळून धरायचा व्हाइस, भिंतीवर लहानमोठ्या कानशी आणि पटाश्या ओळीने टांगलेल्या, आणि एका डब्यात लिमलेटच्या गोळ्या. त्या गोळ्यांना मशीन ऑइलचा वास यायचा. मला अजून दुकानातली लिमलेटची गोळी बेचव लागते, त्यात ऑइल नसतं म्हणून.

नाना काय बनवायचे? लहान लहान वस्तू. मालेगावच्या मागांना लागणारे लाकडी आणि पितळी भाग – जे कंपनीचे मिळायचे बंद झालेले असायचे. बाकी कॉलनीचं काम. शिलाई मशीनचा दांडा, हार्मोनियमची कळ, कुकरची मूठ, पोरांचे भोवरे. पण त्यांचा खरा जीव होता मुठींवर. कात्रीची मूठ, विळ्याची मूठ, करवतीची मूठ. "हत्यार चालतं ते मुठीवर," असं ते म्हणायचे, आणि ती बनवायची त्यांची एक पद्धत होती. ती पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही, म्हणून जरा धीर धरा.

आमच्याकडे कणीक मळली की एक गोळा नानांचा. ज्याच्यासाठी मूठ बनवायची त्याच्या हातात तो गोळा द्यायचा आणि काम करायला सांगायचं. नुसता दाबायचा नाही. एकदा आमच्या कॉलनीतला शिंपी आला होता, कात्रीने अंगठा दुखतो म्हणून. नानांनी त्याच्या हातात कणीक दिली.

"आता काप."

"काय कापू नाना? इथं कापड कुठंय?"

"आहे असं समज. दुकानात उभा राहून कापतोस ना? मग उठ. वाक टेबलावर. तसा नाही रे, रोजच्यासारखा वाक. बसून कापड कापतात का कुणी?"

बिचारा शिंपी आमच्या अंगणात ओणवा होऊन हवेतलं कापड कापत होता, हातात कणकेचा गोळा, आणि आई ओट्यापाशी पदर तोंडात धरून हसत होती. पण नानांचं म्हणणं पक्कं होतं. कामातली मूठ निराळी आणि रिकामी मूठ निराळी.

कणकेवर उठलेल्या आकारावरून ते लाकूड घडवायचे. मग पुढची पायरी हळदीची. कारखान्यात दोन भाग एकमेकांत बसवताना फिटर एकाला निळा रंग लावतात. जिथे जास्त टेकतं तिथे डाग पडतो, आणि तेवढंच घासून काढायचं. नाना म्हणाले, माणसाच्या तळहाताला निळं कुठे फासता? म्हणून ते हळद आणि गोडं तेल लावायचे. पिवळ्या हाताने मूठ धरायची – जिथे रुतते तिथे पिवळा डाग. तो कानशीने काढायचा. पुन्हा हळद, पुन्हा डाग.

"हळद जेवणात घालायची का तुमच्या लाकडाला?" आई डबा लपवून ठेवायची.

"जेवणातच जातेय की. उलथन्याची मूठ आहे."

आणि शेवटी... सगळे डाग निघाले की नाना एक डाग मुद्दाम ठेवायचे. मला हाक मारायचे. माझं नाव सुनंदा, पण नानांची मी नंदू. मला पाटावर उभं करायचे, कानस हातात द्यायचे आणि म्हणायचे, "शेवटचा डाग नंदूचा." तो मी घासायचा. मग ती वस्तू आईच्या जुन्या पातळाच्या चौघडी घातलेल्या तुकड्यावर ठेवायची. त्या तुकड्यावर फक्त झालेलं काम. अर्धवट काम त्यावर ठेवलं की नाना चिडायचे. त्या शिंप्याची कात्री माझी सहामाही परीक्षा संपेपर्यंत अडकून पडली होती, कारण मला वेळ नव्हता आणि डाग माझा होता. पुढे मी नोकरीला लागले तरी हा रिवाज सुटला नाही. शाळेतून आले की बाकावर एखादी मूठ असायची, एक पिवळा ठिपका घेऊन वाट बघत.

अजून एक गोष्ट. नाना डावरे होते. कानस डाव्या हाताने चालवायचे. त्यामुळे त्यांच्या कामावरच्या बारीक रेघा इतरांपेक्षा उलट्या बाजूला कललेल्या असायच्या. पॉलिश करण्याआधी बघितलं की जाणकाराला लगेच कळायचं काम कुणाचं ते.

दोन वर्षांपूर्वी नाना गेले. शांतपणे, झोपेत. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसांच्या कार्यक्रमाला मालेगावहूनही लोक आले होते. नंतर मी शेडला कुलूप लावलं. किल्ली एकच होती, ती माझ्या पर्समधल्या जुडग्यात अडकवली. आणि तिकडे जाणं टाळायला लागले. लिमलेटच्या गोळ्यांचा डबा तसाच आत होता... तो उघडायची माझी हिंमत होत नव्हती, दुसरं काही नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात आईला पॅरालिसिसचा झटका आला.

उजवी बाजू गेली. पाय थोडा सुधारला, बोलणं जड झालं पण समजायचं. हात मात्र वाळल्यासारखा झाला. बोटं आत वळली, मनगट खाली पडलं. डावा हात तिचा आधीपासूनच थरथरायचा, पाण्याचं भांडं धरलं तरी अर्धं सांडायचं. त्यामुळे तिला भरवावं लागायचं. आणि आई भरवून घेईना.

हे नीट समजून घ्या. माझी आई अंगणवाडीत सेविका होती. आयुष्यभर तिने दुसऱ्यांची पोरं मांडीवर घेऊन खिचडी भरवली. आज आमच्या भागात नोकरी करणारी निम्मी पोरं तिच्या हातची जेवलेली आहेत. आणि आता तिच्या तोंडापुढे कुणी घास धरला की ती भिंतीकडे तोंड करायची. दोन घास माझ्यासाठी, एक शोभाताईंसाठी, की बास. शोभाताई म्हणजे आईला बघायला ठेवलेल्या बाई, घोटीकडच्या.

"आजी, खा ना वो. अंगात ताकद नाय ऱ्हायची," शोभाताई विनवायच्या.

"मी काय बालवाडीत हाये का?" आई म्हणायची, आणि संपलं.

दिवाळीच्या सुमाराला ती इतकी उतरली की डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मी आईला सांगितलं. मला वाटलं घाबरून तरी खाईल.

"नळी घातली तर मी जगायची नाय नंदे," ती म्हणाली. शांतपणे म्हणाली, म्हणून मला जास्त भीती वाटली.

सर्जिकलच्या दुकानातून जाड मुठीचे चमचे आणले. फोमचा, रबराचा, हाताला पट्टा बांधायचा. एकही टिकला नाही. तिची बोटं वळली होती त्या पद्धतीची मूठ कुणी बनवतच नव्हतं. चमचा घसरायचा, भात मांडीवर, आणि आई पुन्हा भिंतीकडे.

तेव्हा मी शेड उघडली.

सांगायला नको की आत धूळ होती. पण वास तोच. मी डोळे पुसले आणि कामाला लागले. दिवाळीची सुट्टी होती. कणकेचा गोळा केला, पलंगावर झोपलेल्या आईच्या हातात दिला आणि तिची बोटं त्याच्यावर मिटवली. नानांच्या पेटीतून शिसवाचा एक तुकडा निवडला. भोक पाडून स्टीलचा चमचा बसवला, तोंडाशी पितळेची कडी ठोकली. बाकी आकार व्हाइसमध्ये आवळून कानशीने. हाताला फोड आले. आपण नानांच्या जागी उभ्या आहोत याचा थोडा गर्वही झाला, खोटं कशाला बोलू.

आईच्या हातात दिला आणि चमचा सरळ खाली पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा अंगठ्याच्या मुळाशी रुतला आणि ती कळवळली.

"राहू दे नंदे. तुझ्या नानांचं काम हाये ते. तुझ्याच्यानं नाय व्हायचं."

ती रागाने नव्हती म्हणाली. पण मला फार लागलं. मी शेडमध्ये गेले, तो चमचा होता तसा व्हाइसमध्ये आवळला, कुलूप घातलं आणि मालेगावला रफिकभाईंना फोन केला. रफिकभाईंचं तिकडे मागाच्या सुट्या भागांचं वर्कशॉप आहे. नानांचे जुने गिऱ्हाईक, नाना गेल्यापासून लेथ मागत होते. शेड पाडून तिथे आईसाठी कमोडचं बाथरूम काढायचं माझ्या मनात होतंच. म्हटलं, या सोमवारी घेऊन जा.

रविवारी दुपारी मी औषधं आणि भाजी आणायला बाहेर पडले. पर्स माझ्याजवळ, किल्ली पर्समध्ये. परत आले तर घर शांत. शोभाताईंना सोफ्यावर डुलकी लागली होती. आईच्या खोलीत गेले, तर आई पलंगावर बसलेली. पाठीला उशा, पाय खाली सोडलेले, ताठ. तिला स्वतःहून उठून बसता येत नव्हतं. मला वाटलं शोभाताईंनी बसवलं असेल.

तिचा उजवा तळहात पिवळाधमक होता.

"शोभाताई, आईच्या हाताला हळद का लावलीत? लेप सांगितला का कुणी?"

शोभाताई डोळे चोळत आल्या. "मी कशाला लावू ताई? आन् बसवलं कोनी त्यांला? तुम्हीच बसवलं ना?"

"मी आत्ता आलेय."

"मंग मी तर नाय बाई... हळदीचा डबा वरल्या फळीवर हाय, मला तर स्टुलाबिगर पुरत नाय."

मी ओला टॉवेल आणला आणि आईचा हात पुसायला गेले, तर तिने हात मागे ओढला. गेलेला हात, पण खांद्यापासून ओढला.

"धुऊ नका एवढ्यात."

"का गं?"

"झोपून जेवतात का कुणी?" आई म्हणाली. आणि हसली! झटका आल्यापासून ती हसली नव्हती. तोंड एका बाजूला वाकडं झालं, तरी ते हसूच होतं.

मला काही म्हणजे काही कळलं नाही. डोक्यात आलं ते एवढंच, की शोभाताई झोपेत असताना आईने कसंतरी... काय कसंतरी? मी विचार तिथेच थांबवला. थकले होते. खरं सांगायचं तर हळदीची पायरी मी त्या सुट्टीत पार विसरून गेले होते. नानांचं सगळं आठवून आठवून केलं, आणि हळद कशी विसरले देव जाणे. (हो, लिहिलं मी ते. सवयीने.)

सोमवारी सकाळी रफिकभाई टेम्पो घेऊन आले. चहा झाला, आईची चौकशी झाली. मी पर्समधून किल्ली काढली, कुलूप उघडलं. ते माझ्या मागोमाग आत आले.

व्हाइस रिकामा होता.

चमचा पातळाच्या तुकड्यावर ठेवलेला होता. मी त्या तुकड्याला हातसुद्धा लावला नव्हता, तो कोपऱ्यात धूळ खात पडला होता. आता तो झटकून, चौघडी घालून बाकाच्या उजव्या कोपऱ्यात होता, नाना ठेवायचे तिथेच. खाली जमिनीवर शिसवाचा ताजा भुसा पडला होता, काळसर.

रफिकभाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी सहज चमचा उचलला, खिडकीपाशी नेला, अंगठा फिरवला.

"वा मॅडम. ये तो चाचा का काम है. जपून ठेवलं तुम्ही."

"मी बनवलाय तो."

"तुम्ही?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा चमच्याकडे. "तुम्ही डाव्या हातानं काम करता?"

मी उजव्या हाताची. त्यांच्या हातातून चमचा घेऊन मी बघितला. माझ्या ओबडधोबड रेघा एका बाजूला कललेल्या होत्या, कडीच्या जवळ थोड्याच उरलेल्या. बाकी सगळ्या मुठीवर रेघा दुसऱ्या बाजूला कललेल्या, एकसारख्या. आकारच बदलला होता. मी ठेवला होता तो फुगवटा गेला होता आणि तळाला एक खोलगट जागा आली होती, बसलेल्या माणसाचं पडलेलं मनगट जिथे टेकेल तिथे. लाकडाच्या छिद्रांमध्ये हळद मुरली होती. पिवळे डाग होते आणि ते घासून काढलेले होते. मी चमचा उलटा केला.

अंगठ्याच्या मुळाशी एक डाग तसाच ठेवला होता.

मला रडू फुटलं. परक्या माणसासमोर, सकाळी सकाळी, टेम्पो दारात उभा असताना. रफिकभाई गडबडले. मी जमेल तसं त्यांना सांगितलं – कणीक, हळद, आईचा हात, डाग. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"मॅडम, मी जातो."

"आणि लेथ?"

"जिस का काम चालू है, उस की मशीन मैं नहीं उठाता," ते म्हणाले. "बाथरूमचं बघू आपण. घराच्या साइडला बी जागा आहे, मी माणूस पाठवतो." आणि रिकामा टेम्पो घेऊन परत मालेगावला गेले.

मी कानस काढली. मग चमचा व्हाइसमध्ये हलकाच आवळला आणि तो शेवटचा डाग घासला. पाटावर उभं राहायची आता गरज नव्हती. मागे कुणी उभं आहे असं मला वाटलं का, असं तुम्ही विचाराल. नाही वाटलं. कुणी नव्हतं. नुसता कानशीचा आवाज होता आणि टॉवरवरच्या कुणाच्या तरी मिक्सरचा.

मग वरण-भात कालवून आईसमोर ताट ठेवलं. तिला उशांना टेकवून बसवलं. चमचा तिच्या हातात दिला आणि बोटं मिटवायला गेले, तर मिटवावी लागलीच नाहीत. त्या वळलेल्या बोटांना जिथे जायचं होतं तिथे लाकडात जागा होती. मनगट त्या खोलगटात टेकलं. आईने हात उलटसुलट करून बघितला.

"रुततंय का कुठे?"

"नाय."

तिने खांद्यापासून हात उचलला, भात घेतला. निम्मा सांडला. उरलेला घास ती तोंडाकडे नेईल म्हणून मी बघत होते. पण चमचा तिच्या तोंडाकडे गेला नाही, माझ्याकडे आला.

"आ कर," आई म्हणाली.

मी तोंड उघडलं. एवढी मोठी बाई मी, शाळेत पोरं मला घाबरतात. दारात उभ्या शोभाताईंनी डोळ्याला पदर लावला. दुसरा घास आईने स्वतः खाल्ला, आणि तिसरा, आणि त्या दिवशी तिने ताट संपवलं. नळी घालावी लागली नाही. आता ती रोज आपल्या हाताने जेवते, सांडते, आणि सांडल्याबद्दल भातालाच बोलते.

त्या रविवारबद्दल मी तिला खूप वेळा विचारलं. ती एवढंच सांगते, "झोपेत होते. कुणीतरी बसवलं. हातात काहीतरी दिलं. हात ओळखीचा होता." याच्या पलीकडे नाही. आणि जास्त विचारलं की म्हणते, "तुला विज्ञान येतं ना? तू सांग."

मी प्रयत्न केला. शोभाताई असतील? त्यांना हळदीची पद्धत माहीत नाही, आणि शेडची किल्ली माझ्याजवळ होती. कुलूप फोडलेलं नव्हतं, खिडकीला गज आहेत. मीच भान हरपून केलं असेल? मग डाव्या हाताने इतकी सफाई मला कुठून आली? मी नंतर डाव्या हाताने कानस चालवून बघितली, माझी मीच हसले. रफिकभाई आदल्या दिवशीच येऊन गेले असतील? मालेगावहून, बंद शेडमध्ये, माझ्या आईला पलंगावर बसवायला? आणि डागाचं काय? तो रिवाज नाना, मी आणि आई सोडून कुणाला ठाऊक नव्हता. आई तर स्टुलावर चढू शकत नाही.

आत्मा मी आजही मानत नाही. विहारात जाते तेव्हा नानांचा चेहरा समोर आला की मनातल्या मनात विचारते, नाना, तुम्हीच शिकवलंत ना मानायचं नाही म्हणून? मग हे काय?

प्रयोग एकदा करून चालत नाही, पुन्हा करून बघावा लागतो, हे मी पोरांना शिकवते. म्हणून मी तोही केला. शेड मोडली नाही. लेथ मला फारसा जमत नाही, पण सुट्टीच्या दिवशी मी आता मुठी करते. शेजारच्या काकांच्या काठीची केली, शोभाताईंच्या सुरीची केली – त्यांना पाटावर बसवून, हवेतली मेथी चिरायला लावून. हळद लावते, डाग बघते. दोनदा मी मुद्दाम सगळेच डाग तसेच ठेवून कुलूप लावलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं. काही झालेलं नव्हतं. मूठ व्हाइसमध्ये होती तशीच होती, डागही तसेच. ते सगळे मलाच घासावे लागले.

आईच्या चमच्याचा शेवटचा डाग मी काढला, एवढं नक्की सांगते. बाकीचे कुणी काढले, ते मला अजून सांगता येत नाही.